संमेलनाच्या पडद्यावर वंशावळ: सेटिंग आठवणं वेगळं, जतन करणं वेगळं

गेल्या हिवाळ्यात आमच्या घराण्याचं संमेलन ठाण्यात झालं. नौपाड्यातलं मध्यम आकाराचं सभागृह, दीडेकशे माणसं, सकाळी पोहे-चहा आणि दहा वाजता वंशावळीचं सादरीकरण. संगणकावरची वंशावळ मी सांभाळतो, त्यामुळे सादरीकरणही माझ्याकडेच होतं. आदल्या रात्री घोडबंदर रोडला घरी बसून लॅपटॉपवर सगळं दोनदा बघितलं होतं. सभागृहात प्रोजेक्टर जोडला आणि पडद्यावर काहीतरी निराळंच आलं. चौकटींमधली नावं कापलेली, तक्त्याची उजवी बाजू पडद्याबाहेर, आणि हयात माणसांच्या जन्मतारखा मात्र ठळक अक्षरांत. लोक मोबाईल वर करून त्याचे फोटो काढत होते.

त्याच वेळी पहिल्या रांगेतल्या आत्या वाटलेला छापील तक्ता डोळ्यांजवळ धरून बोट फिरवत होत्या. नव्वदीच्या आहेत. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "अरे, आमचा अण्णा कुठे आहे यात?"

अण्णा म्हणजे त्यांचा पाठचा भाऊ. जन्म १९३१. तरुणपणी घर सोडून गेला तो परत आला नाही. त्याची नोंद मी स्वतः केलेली होती, आई-वडिलांच्या नावांसकट. माझ्या वंशावळीत तो होता, आत्यांच्या हातातल्या कागदावर नव्हता.

घरी येऊन शोधलं तेव्हा कारण सापडलं. काही महिन्यांपूर्वी घराण्याबाहेरच्या एका अभ्यासकाला पाठवायला मी एक अहवाल काढला होता आणि त्यात 'हयात व्यक्ती वगळा' हा पर्याय निवडला होता. सॉफ्टवेअरने ती निवड लक्षात ठेवली. संमेलनासाठी तक्ता काढताना तीच निवड लागू झाली आणि मी ती खिडकी उघडून तपासली नाही. अण्णांच्या मृत्यूची नोंद कोणाकडेच नाही, म्हणून सॉफ्टवेअरच्या हिशोबात ते हयात, म्हणून वगळले गेले.

वंशावळीचं काम करणारे बरेच जण आता ती संगणकावर ठेवतात आणि संमेलनात, श्रावणात किंवा एखाद्या मंगळागौरीला पडद्यावर दाखवतात. त्यांच्यापैकी कोणाच्याही आत्यांना असं विचारावं लागू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

माहिती एकीकडे, रूप दुसरीकडे

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून मी पहिल्यांदा छापील कुलवृत्तांत, म्हणजे घराण्यांच्या इतिहासाची पुस्तकं, चाळले. ही संस्था १८९३ सालची. छापील कुलवृत्तांतात माहिती आणि तिचं रूप एकजीव असतात. पानावर ज्या टायपात, ज्या क्रमाने, जितक्या पिढ्या छापल्या, त्या पन्नास वर्षांनीही तशाच दिसतात. पुस्तक नौपाड्यात उघडा नाहीतर नेरुळला, पान तेच.

संगणकावर तसं नसतं. तिथे तीन वेगवेगळ्या गोष्टी स्क्रीनवर एकत्र आलेल्या दिसतात. एक म्हणजे माहिती: कोण कोणाचा मुलगा, कोणाची लेक, जन्म कधी, लग्न कोणाशी. दुसरी म्हणजे मांडणी: किती पिढ्या दाखवायच्या, नाव आधी की आडनाव आधी, तारीख कशी लिहायची, फॉन्ट कोणता, रंग कोणते, काय लपवायचं. तिसरी गोष्ट सॉफ्टवेअरच्याही बाहेरची, म्हणजे तुमचा लॅपटॉप आणि त्याला जोडलेला पडदा. या तिन्ही गोष्टी साठवल्या जातात वेगवेगळ्या ठिकाणी. आपण बॅकअप घेतो तो बहुतेक वेळा फक्त पहिलीचा.

वंशावळीची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी जेडकॉम नावाची पद्धत वापरतात. अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चने ती १९८४ साली आणली आणि तिची ७.० ही आवृत्ती २०२१ साली आली. जवळपास प्रत्येक वंशावळ सॉफ्टवेअरला जेडकॉम वाचता येतं. पण त्यात जातात माणसं, नाती, घटना आणि संदर्भ. तुम्ही तासभर बसून जुळवलेले रंग आणि अक्षरांचा आकार त्यात जात नाहीत. जेडकॉम पेनड्राइव्हवर घेऊन सभागृहातल्या संगणकावर उघडलं तर माणसं सगळी येतील, रूप मात्र त्या संगणकाचं असेल.

सॉफ्टवेअर लक्षात ठेवतं, पण फक्त शेवटचं

इथे बहुतेकांची गफलत होते. प्रोग्रॅम बंद करून उघडला की सगळं जसंच्या तसं दिसतं, त्यामुळे सेटिंग जतन झालं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रोग्रॅमने फक्त शेवटची अवस्था लक्षात ठेवलेली असते. उद्या तुम्ही काही बदललंत की ती पुसली जाऊन नवी येते. मागे जाण्याची सोय नसते. आजचं रूप नाव देऊन बाजूला ठेवलं आणि हवं तेव्हा तेच परत आणता आलं, तर त्याला जतन करणं म्हणायचं.

काही सॉफ्टवेअरमध्ये याची सोय आतच असते. फॅमिली हिस्टोरियनमध्ये आकृतीचे पर्याय स्वतःच्या नावाने एक प्रकार म्हणून ठेवता येतात आणि पुढच्या वेळी तो प्रकार निवडला की तीच मांडणी येते. जिथे अशी सोय नसते किंवा अपुरी असते, तिथे सेटिंगच्या फाइली आपण स्वतः सांभाळायच्या. मी ग्रॅम्प्स वापरतो, म्हणून उदाहरण त्याचं देतो. २००१ साली सुरू झालेला हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे, पैसे पडत नाहीत, आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो.

ग्रॅम्प्सची सर्वसाधारण सेटिंग ग्रॅम्प्स याच नावाच्या एका आयएनआय फाइलीत असतात. आयएनआय फाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. नाव कसं दाखवायचं, तारीख कशी, खिडकीची लांबी-रुंदी किती, हे सगळं तिथे ओळीओळीने लिहिलेलं असतं. तिच्या शेजारी आणखी काही आयएनआय फाइली असतात, त्या वेगवेगळ्या दृश्यांच्या बाजूच्या आणि खालच्या पट्ट्यांच्या. शिवाय रिपोर्ट ऑप्शन्स नावाची एक्सएमएल फाइल असते, तीही मजकुराचीच. प्रत्येक अहवाल मागच्या वेळी कोणते पर्याय निवडून काढला होता, ते तिच्यात राहतं. अण्णांना वगळणारी निवड या जातीच्या फाइलीत बसलेली असते, हे कळल्यापासून मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो.

विंडोजवर या फाइली तुमच्या वापरकर्ता फोल्डरातल्या ॲपडेटामध्ये, ग्रॅम्प्सच्या फोल्डरात, आवृत्तीच्या क्रमांकाच्या उपफोल्डरात मिळतात. ॲपडेटा मुळात लपवलेलं असतं. फाइल एक्सप्लोररमध्ये लपलेल्या गोष्टी दाखवण्याचा पर्याय चालू केला की दिसतं.

करायचं एवढंच. आधी ग्रॅम्प्स पूर्ण बंद करा, कारण बंद होताना तो सेटिंग पुन्हा लिहितो, आणि तो चालू असताना तुम्ही फाइल बदललीत तर तुमची मेहनत पुसली जाईल. मग आयएनआय फाइली आणि ती एक्सएमएल फाइल 'रोजचं काम' अशा नावाच्या फोल्डरात कॉपी करून ठेवा. आता ग्रॅम्प्स उघडा, संमेलनासाठी हवं तसं रूप जुळवा, बंद करा, आणि त्याच फाइली 'संमेलन' या फोल्डरात ठेवा. यापुढे ज्या फोल्डरातल्या फाइली मूळ जागी टाकाल, ते रूप येईल.

एक इशारा मात्र नीट वाचा. डीफॉल्ट मांडणीत ग्रॅम्प्सडीबी नावाचं फोल्डर याच परिसरात असतं आणि तुमची प्रत्यक्ष वंशावळ त्यात राहते. सोपं म्हणून कोणी सगळंच फोल्डर उचलून बाजूला ठेवलं आणि महिन्याने सगळंच परत टाकलं, तर मधल्या महिन्यात भरलेल्या नोंदी गेल्या. संमेलनात चार जणांनी सांगितलेली नावं, जुळलेली नाती, सगळं. म्हणून फक्त सेटिंगच्या फाइली हलवायच्या, त्या फोल्डराला हात लावायचा नाही. आणि हे काही करण्यापूर्वी वंशावळीचा ताजा बॅकअप ग्रॅम्प्समधूनच घ्यायचा.

मला स्वतःला आता याहून सोपा मार्ग पटला आहे. विंडोजमध्ये 'संमेलन' नावाचं दुसरं वापरकर्ता खातं उघडायचं. ॲपडेटा प्रत्येक खात्याचं वेगळं असतं, त्यामुळे सेटिंग आपोआप वेगळी राहतात. त्या खात्यात वंशावळीची प्रत आयात करायची, तिथे अक्षरं मोठी करायची, रंग बदलायचे, हवं ते लपवायचं. रोजच्या खात्यातलं काहीच हललेलं नसतं, त्यामुळे परत आणण्याचा प्रश्न उरत नाही. मूळ वंशावळीला धक्का लागत नाही, आणि भर सभेत पडद्याच्या कोपऱ्यात कोणाचा व्हॉट्सॲप मेसेजही उगवत नाही, कारण त्या खात्यात व्हॉट्सॲप जोडलेलंच नसतं. संगणकाची फार सवय नसलेल्यांनी हाच मार्ग धरावा.

फॉन्टचं फक्त नाव जतन होतं

मराठी वंशावळीला हे जास्त जाचतं. सेटिंगच्या फाइलीत फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं, फॉन्ट नसतो. तुमच्या लॅपटॉपवर मंगल हा फॉन्ट आहे आणि सभागृहातल्या संगणकावर नाही, तर तो संगणक जवळचा दुसरा फॉन्ट लावतो. विंडोज १० मध्ये मंगल, कोकिला, अपराजिता हे फॉन्ट सरसकट मिळत नाहीत, देवनागरीचे पूरक फॉन्ट म्हणून वेगळे घ्यावे लागतात. निर्मला यूआय मात्र मुळातच असतो. म्हणून बाहेरच्या संगणकावर दाखवायचं असेल तर निर्मला यूआय धरून मांडणी करणं सुरक्षित.

फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते आणि नाव चौकटीबाहेर जातं. देवनागरीला उंचीही जास्त लागते, वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या चौकटीत 'दुर्गाबाई' लिहिलं की वरचा रफार तरी कापला जातो नाहीतर खालचा उकार. आमच्या पडद्यावर नेमकं हेच झालं होतं. फॉन्टचा आकार वाढवताना नेहमी असंच नाव घेऊन तपासा. 'कमल' किंवा 'शरद' घेऊन तपासलंत तर काहीच कळणार नाही.

पीडीएफ केलंत तर ही चिंता मिटते, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आत घालता येतो आणि तो कुठेही तसाच दिसतो. ज्यांना सभेत वंशावळीत फिरून दाखवायचं नाही, नुसता तक्ता दाखवायचा आहे, त्यांनी पीडीएफच न्यावं. जुनी वंशावळ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेली असेल तर मात्र आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागते. तशा फाइलीला दुसरा फॉन्ट लावला की अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हं दिसतात, आणि मांडणीचं कोणतंही सेटिंग त्यावर उपाय नाही.

पडदा किती सोसतो

अनेक सभागृहांत अजून १०२४ बाय ७६८ बिंदूंचे (पिक्सेलचे) प्रोजेक्टर आहेत, आणि घरचा लॅपटॉप बहुधा १९२० बाय १०८०चा असतो. पंख्याच्या आकाराचा पूर्वजांचा तक्ता, ज्याला फॅन चार्ट म्हणतात, तो पूर्ण वर्तुळात घेतला तर या पडद्यावर त्याचा व्यास फार तर ७६८ बिंदू. परीघ साधारण २४००. सात पिढ्या निवडल्या तर बाहेरच्या कड्यात ६४ पूर्वज येतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ३७ बिंदू. त्यात मराठी नाव मावत नाही. पाच पिढ्या घेतल्या तर बाहेर १६ जण आणि प्रत्येकाला दीडशे बिंदू. मागच्या रांगेतल्यांनाही वाचता येतं. घरी सात पिढ्या आणि सभेत पाच, असा फरक दोन जतन केलेल्या रूपांमध्ये ठेवायला हवा.

मूळपुरुषापासून खाली येणारा तक्ता याच्याही पलीकडे पसरतो, तो एका पडद्यावर दाखवण्याचा हट्ट करू नये. थोरली पाती, धाकटी पाती असं पातीपातीने दाखवावं. ग्रॅम्प्समध्ये प्रत्येक पातीच्या मूळ माणसावर बुकमार्क ठेवता येतो. बुकमार्क वंशावळीबरोबर साठवले जातात, त्यामुळे ग्रॅम्प्सच्या स्वतःच्या बॅकअपमधून दुसऱ्या खात्यात आयात केल्यावर ते तिथेही येतात.

प्रोजेक्टर आधी जोडा, सॉफ्टवेअर नंतर उघडा. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबली की चार पर्याय येतात. 'डुप्लिकेट' निवडल्यास दोन्हीकडे तेच दिसतं, पण लॅपटॉपही बहुधा प्रोजेक्टरच्या मापावर उतरतो. 'एक्स्टेंड' निवडल्यास पडदा वेगळा आणि तुमच्या टिपणांसाठी लॅपटॉप मोकळा. घरी परतल्यावर कधी कधी खिडकी दिसतच नाही, कारण सॉफ्टवेअरने लक्षात ठेवलेली जागा आता नसलेल्या पडद्यावरची असते. तेव्हा विंडोजची कळ, शिफ्ट आणि बाण एकत्र दाबून ती ओढून आणता येते.

नावं आणि तारखा

ग्रॅम्प्समध्ये डीफॉल्ट पद्धत आडनाव आधी, मग नाव. बाळ गंगाधर टिळक हे नाव यादीत 'टिळक' हे आडनाव पुढे घेऊन दिसतं. वडिलांचं नाव लिहायला वेगळा प्रकार आहे आणि नाव-वडील-आडनाव अशी पद्धत आपण बनवून निवडू शकतो. संमेलनाच्या रूपात ती निवडलेली असावीच, कारण आपली माणसं नाव त्याच क्रमाने ओळखतात.

बायकांच्या नावांचं सेटिंगने भागत नाही. कल्याणला माहेर असलेल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी घ्या. माहेरी त्या यमुना, सासरी आनंदीबाई गोपाळराव जोशी. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही नावं नोंदवता येतात, एक जन्माचं आणि एक लग्नानंतरचं. तक्त्यावर कोणतं यावं हे मुख्य नाव कोणतं ठेवलंय त्यावर ठरतं, आणि ती निवड माहितीत राहते. माझं मत असं, की माहेरच्या घराण्याच्या संमेलनात माहेरचं नाव दिसावं. ऐंशी वर्षांच्या बाईला पडद्यावर तिचं लहानपणीचं नाव दिसलं की तिचा चेहरा कसा होतो, ते मी बघितलं आहे.

हयात आणि दिवंगत

जिवंत माणसांच्या जन्मतारखा पडद्यावर येऊ नयेत हे मी आग्रहाने सांगेन. त्यांचे फोटो निघतात, ते ग्रुपवर जातात, आणि जन्मतारीख आणि आईचं नाव ही दोन्ही बँकेच्या फोनवर ओळख पटवायला विचारली जाणारी माहिती आहे. ग्रॅम्प्समध्ये एखादी नोंद खासगी म्हणून कुलूपबंद करता येते. निर्यात करताना खासगी नोंदी वगळता येतात, हयात माणसांची फक्त नावं ठेवता येतात. संमेलनाच्या खात्यात नेण्याची प्रत अशी गाळूनच काढावी. मग पडद्यावर चुकून कुठेही गेलात तरी तारीख तिथे नसतेच.

पण सॉफ्टवेअर हयात कोणाला म्हणतं? मृत्यूची नोंद नसेल तर ते अंदाज बांधतं. ग्रॅम्प्समध्ये कमाल वय मुळात ११० धरलेलं असतं. जन्माला तेवढी वर्षं झाली नसतील आणि मृत्यूची घटना नसेल, तर माणूस हयात. १९३१ सालचे अण्णा या नियमाने २०४१ पर्यंत हयात राहणार. मर्यादा कमी केली तर नव्वदीच्या आत्या दिवंगतांत जातील. म्हणजे इथे सेटिंग बदलून उपयोग नाही, नोंद दुरुस्त करायला हवी. तारीख न घालता नुसती मृत्यूची घटना जोडली तरी ग्रॅम्प्स माणसाला दिवंगत मानतं. अण्णांच्या बाबतीत ते करण्याचा अधिकार माझा नव्हता. मी आत्यांना फोन करून विचारलं. थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "घाल. पण नाव गाळू नकोस." मी घटना जोडली, तारखेची जागा रिकामी ठेवली, तक्ता पुन्हा छापला आणि त्यांच्या घरी नेऊन दिला.

संमेलनानंतर

सादरीकरण झाल्यावर रोजचं रूप परत आणणं टाळू नका. एकच खातं वापरणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. सभेसाठी यादीला लावलेली गाळणी (फिल्टर) तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी नोंदी भरताना बरीच माणसं दिसत नाहीत. नाव सापडलं नाही की आपण ते नव्याने भरतो, आणि एकाच चुलत्याच्या दोन नोंदी होतात, एकीवर लग्न आणि दुसरीवर मुलं. ग्रॅम्प्समध्ये संभाव्य दुहेरी नोंदी शोधण्याचं साधन आहे आणि दोन नोंदी एकत्रही करता येतात, पण एकत्र करताना प्रत्येक जोडी वाचून ठरवावी लागते.

रूप परत आल्याची खात्री मी तीन ठिकाणी करतो. माणसांच्या यादीतला एकूण आकडा संमेलनाआधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी जुळतो का. जिची जन्मतारीख सभेत लपवली होती अशा एका हयात व्यक्तीची तारीख आता दिसते का. आणि ज्या अहवालाचे पर्याय बदलले होते तो उघडून 'हयात व्यक्ती' समोर काय निवडलेलं आहे. तिसरं सगळ्यात आधी बघतो. दोन्ही फोल्डरांत एकेक साधी मजकुराची फाइल ठेवली आहे: कधी जतन केलं, ग्रॅम्प्सची आवृत्ती कोणती, कोणत्या सभागृहासाठी, किती पिढ्या, काय लपवलं आहे. पुढचं संमेलन चिपळूणला आहे आणि तिथला प्रोजेक्टर मी अजून बघितलेला नाही, म्हणून 'संमेलन' फोल्डराची एक प्रत चार पिढ्यांची करून ठेवली आहे.